चतुराबाईंची गच्ची

"'पुट अप विथ' म्हणजे तुमचं घोरणं," चतुराबाई कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या. "आन् 'पुट ऑफ' म्हणजे गिरणीवाला. कधीबी जा, उद्या या म्हणतो."

हिम्मतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "या वयात कायकू परेशान व्हायलीस? मीटिंगमध्ये किशोर बोलतो की आपल्यासाठी."

"नक्को. मागच्या साली बोलला तेवढं पुरे झालं."

हैदराबादच्या मलकपेठेतल्या त्या अपार्टमेंटात तेलुगू, तमिळ, बंगाली अशी सगळी मंडळी, म्हणून असोसिएशनची मीटिंग इंग्रजीत चाले. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं घालायला बंदी करण्याचा ठराव आला. सेक्रेटरी किशोर हा पुण्याचा, सज्जन मुलगा. काकूंची बाजू मांडायला तो उभा राहिला आणि दोन गुळमुळीत वाक्यं बोलून खाली बसला. ठराव मंजूर झाला. इकडे घरात कुरडयांसाठी गव्हाचा चीक तयार होता आणि गॅलरीत ऊन औषधालाही नव्हतं. चीक आंबला. बादलीभर चीक मोरीत ओतताना चतुराबाई पोटभर रडल्या. लेकी, जावा, नणंदा, सगळ्यांच्या घरी वर्षभर त्यांच्याच कुरडया तळल्या जात. मिरवायला त्यांच्याजवळ दुसरं होतं काय?

मग डोळे पुसले आणि दिलसुखनगरच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात नाव घातलं. कॉलेजच्या पोरापोरींत पदर सावरून त्या पहिल्या बाकावर बसत. एकेक शब्दजोडी घरातल्या कामाला बांधून टाका, असं मॅडमनी सांगितलं होतं. बाईंनी सगळं घरच बांधून काढलं. सिलिंडर संपला की 'रन आउट', कामवाली गंगू उशिरा उगवली की 'टर्न अप'. हिम्मतरावांचे कान किटले.

यंदा त्यांनी किशोरच्या मागे लागून गच्चीचा विषय पुन्हा मीटिंगला घ्यायला लावला. संध्याकाळी सेलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. विषय निघताच तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "एव्हरी समर वुई पुट अप विथ धिस!"

चतुराबाईंना हसूच आलं. कळलं की! अख्खं वाक्य कळलं. त्या ताडकन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग!"

क्लास सकाळचा असे, त्यामुळे उभं राहिलं की तोंडातून तेच निघायचं. पार्किंगभर हशा पिकला. हिम्मतरावांनी मान खाली घातली. खाली बसावं असं एकदा बाईंच्या मनात आलंही, पण बसल्या असत्या तर गच्ची कायमची गेली असती.

"आय गेट अप अर्ली," त्यांनी सुरुवात केली. आवाज कापत होता. "आय क्लीन अप टेरेस. क्रो कम्स, आय ड्राइव्ह अवे. वॉटर टँक, आय कीप अवे. बिफोर लंच, एव्हरीथिंग पुट अवे. आय लुक आफ्टर टेरेस, सर, लाइक माय किचन." मग त्या थांबल्या, आणि पुढचं मात्र अजिबात न कापता आलं. "लास्ट इयर आय थ्रो अवे फुल बकेट. आय क्राय. बट आय नॉट गिव्ह अप."

कुणी हसलं नाही. ते गृहस्थ चष्मा पुसू लागले. अध्यक्षा भाग्यलक्ष्मी मॅडम सरळ होऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ओके, आंटी. बट इफ एनी कम्प्लेंट कम्स अप, वुई विल कॉल इट ऑफ."

किशोर लगबगीने काकूंकडे वाकला. "काकू, त्या म्हणतायत की—"

"कळलं रे बाबा," चतुराबाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि मॅडमकडे वळल्या. "नो कम्प्लेंट विल कम अप, मॅडम."

हात वर झाले. सगळ्यांत आधी तिसऱ्या मजल्याचा. हिम्मतरावांनी तर दोन्ही वर केले आणि किशोरने हसत एक मोजला.

"एनीथिंग एल्स, आंटी?"

चतुराबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. "नो, मॅडम. कॅरी ऑन."

आणि मीटिंग पुढे सुरू झाली.