चटई, सांग पलीकडं

मित्रांनो, चटई म्हटली की तुमची नजर जमिनीकडं जाते. मला बघायचं असेल तर मान वर करावी लागेल. मी एक जुनी चटई आहे खरी, पण माझ्यावर कुणी बसत नाही की जेवत नाही. दूर समुद्रातल्या एका बेटावर, सावुसावू गावाच्या किनाऱ्यावर खोबरं साठवायची एक पत्र्याची वखार होती. तिचा आता गाणी मुद्रित करायचा छोटासा स्टुडिओ झाला आहे. त्या स्टुडिओत मधोमध, एका दोरीवर मी लोंबते. एका कडेची लोकर झडली आहे आणि पोटावर तपकिरी डाग आहे. तरीही गुरुवारी ऊन उतरलं की सगळ्यांत आधी माझीच चौकशी होते.

मला माकेरेतानं विणलं. वोईवोईची लांब पानं, तुमच्या केवड्याच्या भावकीतली, तिनं स्वतः कापून आणली. काटे काढले, पानं उकळली, उन्हात वाळवली. मग शिंपल्यानं घासून घासून ती इतकी मऊ केली की आपण कधी काटेरी होतो हे मीसुद्धा विसरले. विणताना ती गुणगुणायची. एक पट्टी खाली, एक पट्टी वर, आणि त्याच चालीनं शब्द:

भरतीच्या पाण्या, ये रे बेतानं,
होडी निजवली माझ्या लेकानं;
भरतीच्या पाण्या, जा रे हसत,
लेक माझी बसे शिंपले पुसत.

तुमच्याकडं मुलगाही लेक आणि मुलगीही लेक. माकेरेताचे हे दोन लेक म्हणजे वाइसाके आणि तितिलिया. तितिलिया धाकटी. तिच्या लग्नात द्यायला म्हणून मी विणली जात होते. माझ्या चारही कडांना लाल, पिवळी, हिरवी लोकर लावली तेव्हा शेजारणी बघायला आल्या होत्या. मी जरा फुगलेच होते, खोटं कशाला सांगू?

पण लग्नाआधी वादळ आलं. छपराचा पत्रा उडाला आणि मी दोन दिवस ओली पडून राहिले. वाळले तेव्हा पोटावर हा डाग होता. डागाळलेली चटई लग्नात देत नाहीत. तितिलियाला दुसरी मिळाली आणि मी गुंडाळून खाटेखाली गेले. तिथं पालींनी अंडी घातली. वरून पावलं ये-जा करायची, पण वाकून कुणी बघायचं नाही. अंधारात पडून राहिलं की आपण कशासाठी होतो तेच आठवेनासं होतं.

मग एके दिवशी साकिउसा आला. हा माकेरेताच्या भावाचा मुलगा. बरीच वर्षं बोटींवरचे रेडिओ दुरुस्त करत हिंडला आणि दोन माईक, चार वायरी घेऊन परत आला. वखार त्यानं घासूनपुसून घेतली होती.

"आत्या, एखादी जुनी चटई आहे का? पत्र्यात नुसतं शिंकलं तरी चौघं शिंकल्यासारखं वाटतं."

"आहे एक. पण डागाळलेली आहे रे."

"मला कुठं तिचं लग्न लावायचंय?"

अशी मी खाटेखालून भिंतीवर आले. माझं काम होतं घुमणारा आवाज गिळायचा. कुणी गायलं की पत्र्यावर आपटून परत येणारा सूर मी पोटात घ्यायचे, म्हणजे गाणाऱ्याचा खरा आवाज तेवढा माईकमध्ये जायचा. साकिउसानं कानांवरची यंत्रं, म्हणजे हेडफोन, काढली आणि माझ्यावर थाप मारली. "वा! आता आवाज घरात राहायला आल्यासारखा वाटतो." मित्रांनो, मला त्या दिवशी नवी लोकर लावल्यासारखं झालं.

लोक येऊ लागले. पण यायचे ते रेडिओवरची गाणी घेऊन. साकिउसा वैतागला. "ही गाणी त्यांची त्यांनी मुद्रित केली आहेत! तुमचं काय?" शेवटी त्यानं नियम केला. दर गुरुवारी यायचं, गोल बसायचं, आणि प्रत्येकानं स्वतःची एक ओळ आणायची. तोवर यांगोनाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या आमच्या पेयाचं, भांडं मध्ये ठेवलेलं असेल, पण ओळ नाही तर करवंटी नाही!

यांगोना मातकट लागते, पण गप्पांची सगळी गोडी तिच्याभोवतीच असते. तेव्हा ओळी भराभर सुचू लागल्या. वाइसाके मासेमारीवरून थेट यायचा, गिटार काखेत. पहिल्याच गुरुवारी त्यानं गायलं, "माझ्या होडीचं इंजिन खोकतं."

"ही ओळ नाही, तक्रार आहे," साकिउसा म्हणाला.

"मामेभावा, गाणं म्हणजे सुरातली तक्रारच की."

"मग सूर तरी लाव! तुझं तोंड बघून मासे आपणहून जाळ्यात येतात, सुटका व्हावी म्हणून."

आमच्याकडं आतेमामेभावांनी एकमेकांना असंच बोलायचं असतं. गोड बोलला तर माणूस आजारी आहे की काय, अशी शंका घेतात.

शेजारी कमलावतीचं रोटीचं दुकान होतं. ती पहिल्यांदा आली ती भांडायला. "तुमच्या धडधडीनं माझा तवा हलतो! आणि हे काय यंत्र?"

"मिक्सर आहे, ताई."

"मिक्सर? मग चटणी कुठाय?"

सगळे इतके हसले की तीही हसत खाली बसली. बसली म्हणजे नियम लागू. तिनं पदरानं हात पुसले आणि तिच्या आजीच्या बोलीत गायलं, "चुलीतल्या निखाऱ्या, तुझं नि माझं राखेत नाव." साकिउसानं करवंटी भरून तिच्यापुढं धरली. त्यानंतर एकही गुरुवार तिनं चुकवला नाही, आणि येताना रोट्यांची पुडकी आणायची ती वेगळीच.

पण सगळ्यांत चांगल्या ओळी आतून येत नव्हत्या, त्या बाहेरच्या पायरीवरून येत होत्या. तिथं तितिलिया बसायची, बाजारातून उरलेली दालोच्या कंदांची टोपली शेजारी ठेवून. ती आत येत नसे, कारण आत तिचा भाऊ होता. आमच्याकडं बहीणभाऊ मोठे झाले की एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत. त्यात भांडण नसतं, मित्रांनो, तो आदर असतो. बहीण पुढच्या दारानं आली की भाऊ मागच्या दारानं निघतो. सगळ्याच घरांत आता इतकं पाळत नाहीत, पण माकेरेताच्या घरात पाळायचे. म्हणून साकिउसा दारात जाऊन ओळ ऐकायचा आणि आत येऊन सांगायचा, "पायरीवरून ओळ आली आहे." वाइसाके जमिनीकडं बघायचा, घसा साफ करायचा, आणि त्या दिवसाची सगळ्यांत सुंदर चाल त्या ओळीला लावायचा. कुणाची ओळ, ते कुणी बोलायचं नाही.

हे असंच चाललं असतं. पण एके सकाळी माकेरेता गरम झऱ्यात कसाव्याच्या कंदांचं भांडं शिजायला सोडता सोडता म्हणाली, "आज पक्षी कुठं गेले सगळे?" पक्षी तिच्या डोक्यावरच्या झाडात कलकलत होते. दवाखान्यात सांगितलं की तिचे कान चालले आहेत. आधी बारीक, वरचे आवाज जातील, मग हळूहळू उरलेले.

ती रडली नाही. तशीच वखारीत आली आणि साकिउसासमोर बसली.

"पक्षी गेले. लाट अजून आहे. तीही जाईल. त्याआधी माझ्या दोन्ही लेकरांनी मिळून केलेलं, मिळून गायलेलं एक गाणं मला ऐकायचंय. दोघांचे आवाज एकत्र."

"आत्या, ती दोघं एका खोलीत बसत नाहीत."

"ते मला सांगतोस? मीच शिकवलंय त्यांना. तुझ्याकडं यंत्रं आहेत ना? बघ काहीतरी."

साकिउसानं बघितलं. मंगळवारी वाइसाकेला गायला लावलं, बुधवारी तितिलियाला, आणि दोन्ही आवाज यंत्रात जोडले. ऐकून त्यानंच तोंड वाकडं केलं. "दोन अनोळखी माणसं बसची वाट बघत उभी आहेत, असं वाटतंय." एकाचा श्वास दुसऱ्याला ठाऊकच नव्हता. गाणं एकत्रच गावं लागणार होतं.

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. भिंतीवरून उतरवलं, वखारीच्या मधोमध दोरी बांधली आणि तिच्यावर मला सोडलं. "माझ्या कामाला असंच लागतं," तो मोठ्यानं म्हणाला, "गिटारचा आवाज गाणाऱ्याच्या माईकमध्ये शिरता कामा नये." हे अर्धं खरं होतं. वाइसाके मागच्या दारानं येऊन माझ्या एका बाजूला बसला. तितिलिया पुढच्या दारानं, दुसऱ्या बाजूला. पहिल्यांदाच ती पायरी ओलांडून आत आली होती.

पायरीवरून आलेल्या एका ओळीला वाइसाकेनं गिटारवर चाल धरली. मला दोन्हीकडचे श्वास लागत होते. शेवटी तितिलिया माझ्याकडं तोंड करून हळूच म्हणाली,

"चटई, तुझ्या पलीकडं जे कुणी आहे त्यांना सांग, चाल जरा संथ घ्या. शब्द गुदमरतात."

मी गडबडले. मला आजवर कुणी निरोप दिला नव्हता. पण पलीकडून लगेच उत्तर आलं.

"चटई, त्यांना सांग, शब्दच इतके भरले आहेत की श्वास घ्यायला फट नाही. गाणं आहे की बाजारची टोपली?"

"चटई, सांग, टोपलीत माल असतो. नुसत्या होडीत काय असतं? खोकणारं इंजिन!"

वाइसाके हसला. बहिणीच्या बोलण्यावर तो मोठेपणी कधी हसला असेल असं मला वाटत नाही. साकिउसा कानांची यंत्रं दाबून ओरडला, "अरे, त्या बिचाऱ्या चटईला दोन्हीकडून मारू नका! आधीच जुनी आहे!"

असं गाणं बनू लागलं. एक ओळ इकडून, चाल तिकडून, आणि मधे मी. आवाज गिळणं हे माझं काम, पण त्यांचं बोलणं मी कधी अडवलं नाही. एकदा साकिउसानं मुद्रण परत लावलं तर गाण्याआधीचं ते "चटई, सांग" सुद्धा त्यात राहिलं होतं. तो चुकीचा तुकडा कापायला गेला, तशी कमलावती खेकसली, "हात लावू नकोस! तेच तर गाणं आहे." आणि खरंच, तेच ध्रुवपद झालं:

चटई गं बाई, सांग पलीकडं,
वारा वळलाय घराकडं;
अलीकडं थोडं, पलीकडं थोडं,
आई बसली दोहींकडं.

गाणं पुरं झालं त्या गुरुवारी माकेरेता आली. तिला माझ्या कडेला बसवलं, जिथून एका डोळ्याला मुलगा दिसेल आणि दुसऱ्याला मुलगी. तिचा गुडघा मला टेकला होता. वाइसाकेनं खालचा भरदार सूर घेतला, तितिलियानं वरचा, रडत गेल्यासारखा लांब जाणारा. वखार भरून गेली. माकेरेता हसत होती, मान हलवत होती. मग तिचं हसू थांबलं.

"वाइसाके गातोय," ती म्हणाली. "तितिलिया का गप्प आहे?"

तितिलिया गप्प नव्हती. ती जिवाच्या आकांतानं गात होती. पण तिचा सूर पक्ष्यांच्या वाटेनं गेला होता. ती थांबली, तोंडावर हात धरला. गोलात बसलेले सगळे जमिनीकडं बघू लागले. साकिउसानं आवाजाचं बटण वाढवलं, पण नुसत्या वाढवण्यानं काही होत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

तेव्हा पलीकडून वाइसाकेचा आवाज आला, अगदी माझ्या अंगाला लागून.

"चटई, त्यांना सांग, खालचा सूर त्यांनी घ्यावा. वरचा मी घेतो."

तितिलियानं नाक ओढलं. "चटई, सांग, मग त्यांचा आवाज आईला नाही पोचायचा."

"चटई, सांग, माझा तिनं आत्ता ऐकला. माझं पोट भरलं."

मित्रांनो, त्याच्या त्या खालच्या सुरावर सगळ्या गावात त्याचं नाव होतं. तो त्यानं असा उचलून माझ्या खालून पलीकडं सरकवला, जसं जेवताना आपल्या ताटातलं दुसऱ्याला द्यावं.

तितिलियानं आवाज खाली नेला. आधी थरथरला, मग जमिनीला लागला. वाइसाके वर चढला, बारीक, किनरा, दोन ठिकाणी फाटलासुद्धा. कुणी हसलं नाही. आणि माझ्या कडेचा गुडघा एकदम हलला.

"आली!" माकेरेता ओरडली. "आली माझी लेक! अगं, किती जाड आवाज गं तुझा, थेट तुझ्या आजीचा!" मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. "आणि वाइसाके कुठं गेला?"

साकिउसा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आत्या, तो वर चढलाय. नारळाच्या झाडावर!"

"राहू दे वर," ती डोळे पुसत म्हणाली. "पडला की ऐकू येईलच मला."

दुसऱ्या कडव्याला तो पडला, म्हणजे खाली उतरला, आणि तितिलिया वर गेली. तिसऱ्याला पुन्हा उलट. प्रत्येक कडव्याला दोघं जागा बदलत राहिली, आणि माकेरेताला गाणं अर्धं इकडून अर्धं तिकडून, पण सगळं मिळालं. शेवटी तिनं दोन्ही तळवे पोकळ धरून टाळी वाजवली, आमच्याकडं कुणाला मान देताना वाजवतात तशी.

आता इथं सगळीच गाणी अशी जागा बदलून गातात. बेटांबेटांवरून लोक येतात आणि विचारतात, ही कुठली पद्धत? साकिउसा म्हणतो, सावुसावूची. बहिणी आता पुढच्या दारानं आत येतात. माकेरेता अजून दर गुरुवारी येते, गुडघा मला टेकवून बसते. तिला काय आणि किती ऐकू येतं, ते ती सांगत नाही, आम्ही विचारत नाही.

माझं वय झालं आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, ओली गुंडाळू नका, इतकंच माझं माझ्यासाठी मागणं आहे. दुसरं मागणं तुमच्या घरातल्या माणसांसाठी. तुमचं कुणाला ऐकू येईनासं झालं, मित्रांनो, तर लगेच आवाज चढवू नका. आधी आपली जागा सोडून बघा.