फोनजवळची भिंत

भिंगरीला एक खोड होती. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ती "हो हो, कळलं" म्हणून मोकळी व्हायची. आई वैतागायची, "अगं, आधी ऐक तरी! कान काय शोभेला दिलेत?" त्यावरही हिचं आपलं, "हो हो."

कॉलेजातल्या बारा जणांचा सेवागट परदेशातल्या एका बालगृहाला रंग द्यायला गेला, त्यात ती होती. तिथली भाषा कुणालाच येत नव्हती. व्हॅनचा ड्रायव्हर तेवढा पूर्वी आपल्या लोकांबरोबर गवंडीकाम करून मोडकंतोडकं मराठी शिकलेला. पण त्या सकाळी तो रंगाचे डबे आणायला गेला होता.

बालगृह सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या व्हरांड्यात आल्या, फोनशेजारच्या भिंतीवर तळहात फिरवला आणि बरंच काही बोलल्या. भिंगरीनं मान डोलावली. "हो हो, मावशी, कळलं. ही पण करतो. एकदम चकाचक!"

मावशींनी तिच्या गालाला हात लावला आणि निश्चिंत मनानं आत गेल्या.

भिंत चकाचकच झाली. पेन्सिलीनं खरडलेले आकडे बघून गटाचा म्होरक्या दादा म्हणाला, "पोरांनी पार वाट लावलीय हिची." मग त्यानं स्वतः पॉलिशपेपरनं घासलं, भेगांत लांबी भरली, प्रायमरचा हात मारला.

एकाच्या ठोक्याला मावशी बटणला घेऊन आल्या. बटण म्हणजे पाच वर्षांची पोर. गोल चेहरा बघून गटानंच ठेवलेलं नाव. तिच्या डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा होता. मावशी भिंतीपाशी थबकल्या. ओल्या रंगावरून बोटं फिरवत राहिल्या, जणू खाली काही हाताला लागेल.

नुकत्याच परतलेल्या ड्रायव्हरचं तोंड उतरलं. "इथे नंबर होता. हिच्या आईचा. नवा, दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही. दूर कपड्याच्या कारखान्यात आहे ती. एक ते दीड जेवणसुट्टी, मग फोन कुलपात, पाचपर्यंत."

"मग?" भिंगरीनं विचारलं.

"डोळ्याचे डॉक्टर गावात आलेत. दोन वाजता मुलांना गाडीत घालून शहरात नेणार, उद्या ऑपरेशन. आई 'करा' म्हणाली तरच नेणार. नाहीतर पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी तर होईल ना?"

"डॉक्टर बोलला, तोवर त्या डोळ्यात काही उरणार नाही." तो भिंगरीकडे वळला. "मावशी म्हणते, सकाळी सांगितलं होतं. ही भिंत सोडा. तू मान हलवली."

भिंगरी भिंत नखांनी खरवडू लागली. पांढरा चिखल निघाला, दुसरं काही नाही.

"फोटो!" दादा ओरडला. "रंगवण्याआधी काढला होता ना!"

सगळे मोबाइलवर तुटून पडले. फोटो सापडला. त्यात भिंगरी दोन बोटं वर करून खिदळत होती. तिच्या कानाशेजारी तीन आकडे दिसत होते. उरलेले तिच्या डोक्यामागे.

"अरे, पण ती स्वतःच फोन करेल की इकडे," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा कुठे सगळ्यांनी फोनच्या जागेकडे पाहिलं. रंग उडू नये म्हणून काढलेला फोन वर्तमानपत्रात गुंडाळून बादलीत पडला होता. धावपळ करून वायर जोडली तेव्हा एक बत्तीस झाले होते. फोन गप्प. बटण मात्र त्याच्याकडे बघत पायरीवर शहाण्यासारखी बसून राहिली. तिला आईशी बोलायला मिळणार, एवढंच तिला ठाऊक होतं.

दोनला डॉक्टरांची गाडी गेली. ड्रायव्हर विनवून विनवून रिकाम्या हातानं परतला.

पाच वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. ड्रायव्हरनं उचलला. पलीकडून एक बाई श्वास न घेता बोलत होती.

"सुट्टीभर लावत होती म्हणे. नुसता वाजत होता. डॉक्टर येणार हे ठाऊक होतं तिला. विचारते, पोर गेली ना डॉक्टरांबरोबर?" त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला. "काय सांगू?"

मावशी भिंगरीकडे बघत होत्या.

"नाही गेली म्हणून सांगा," भिंगरी म्हणाली. "माझ्यामुळे. गोड करून सांगू नका. आणि विचारा, करू ना ऑपरेशन?"

तो बोलला. पलीकडून एकच शब्द, पुन्हा पुन्हा.

"'करा' म्हणते. डॉक्टरांशी स्वतः बोलते म्हणते. पण आता ऑपरेशनची यादी बंद झाली असेल गं. पाच तासांचा रस्ता आहे."

"तुमचा मोबाइल नंबर द्या तिला. चला."

मावशींनी बटणचा स्वेटर आणला, पण घालायला कुणी थांबलं नाही. व्हॅन फाटकातून बाहेर पडली. भिंगरीनं पोरीला मांडीवर घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं ड्रायव्हरचा मोबाइल तिच्या कानाशी. आतून ती बाई अजून "करा, करा" म्हणत होती, आणि डॉक्टरांची गाडी तीन तास पुढे होती.