तळटीप चार

तांब्याची ती एवढीशी तार, टोकाशी लाल प्लास्टिकचं कडं अडकलेली… आनेटच्या बाबांनी ती केकच्या ताटलीशेजारी, आधी सोललेल्या तारांच्या रांगेत ठेवली. रविवार, दुपारची कॉफी. जर्मनीतल्या लाउझित्सच्या कोळसाखाणीत बत्तीस वर्षं घराएवढं यंत्र चालवलेली बोटं आता काडीएवढ्या तारा सोलत होती. सोलर पॅनेल बसवण्याचं प्रमाणपत्र मिळून आठ महिने झाले होते, बोलावणं एकही नव्हतं. पण हात विसरू नयेत म्हणून दर रविवारी हा सराव.

"झीगमार नोआक, शिकाऊ," ते म्हणाले. "वय अठ्ठावन्न. मास्तर माझ्या जावयाच्या वयाचा. म्हणजे, जावई असता तर."

"बाबा!"

"बरं, राहिलं." मग मान वर न करता, "पोरी, राज्याचे रोजगाराचे सगळे कागद तुझ्याच टेबलावर येतात ना? खरं सांग. या वयात मला कुणी छतावर चढवणार आहे का?"

"प्रतिसाद चांगला आहे, बाबा."

प्रतिसाद चांगला आहे – घरात, तोंडात केकचा घास असताना, स्वतःच्या बापाशी मी अहवालातलं वाक्य बोलले, आनेटच्या मनात आलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढची तार उचलली. सोमवारी सकाळी अंगणात, लाकडं रचता रचता, त्यांचं हृदय थांबलं.

पाच आठवड्यांनी आनेट कचेरीत परतली तेव्हा विभागप्रमुख ब्रेंडेल तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. वडिलांबद्दल दोन शब्द बोलले, मनापासूनच बोलले, आणि मग संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"हरित रोजगाराचा तक्ता पाहिलात? खाणीतून सोलरकडे वळवलेल्या आपल्या चोवीस जणांपैकी बारा जणांना काम लागलं होतं. नेमके निम्मे! मंत्र्यांपुढे निम्मे घेऊन कोण जाणार? पण सतरा नंबरचा वारला म्हणे. म्हणजे आता तेविसांत बारा. आता बिनधास्त लिहा – बहुसंख्यांना रोजगार."

तक्त्यात नावं नसतात. सतरा नंबर कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एक माणूस मरतो आणि योजना यशस्वी होते – कोणी केला हा नियम, कोणत्या निर्लज्ज माणसानं… तिनं तक्त्याखाली पाहिलं. तळटीप चार : मृत व स्थलांतरित व्यक्ती वगळून. दोन वर्षांपूर्वी तिनंच लिहिलेली. तेव्हा किती नेटकी वाटली होती! आणि वयाचा रकाना, तोही तिचाच – पन्नाशीपुढचे नऊ, काम लागलेले शून्य. हे शून्य त्या रविवारीही तिथंच होतं. केक कापताना ते मला पाठ होतं.

"'बहुसंख्यांना' ठळक अक्षरांत घ्या," ब्रेंडेल दाराकडे जात म्हणाले.

कोटाच्या खिशात तिची बोटं बाबांच्या त्या तारेवरचं लाल कडं फिरवत होती, फिरवत होती…

"नाही, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली.

ब्रेंडेल दारातच वळले. "काय म्हणालात?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. सतराव्या ओळीकडे पाहत ती म्हणाली, "तुम्हाला कुणीच बोलावणार नव्हतं. मला माहीत होतं."