दिमित्रादेवीच्या नवसाचं जातं

मी एक जुनं जातं आहे, मित्रांनो. जुनं म्हटलं की तुम्ही लगेच वर्षं मोजायला बसाल, तर खुशाल मोजा. मला आकडा माहीत नाही. एजिना बेटावरच्या काळ्या, खरखरीत दगडातून एका पाथरवटाने मला घडवलं. वरखाली दोन गोल तळ्या, मधे लोखंडी खीळ, कडेला ऑलिव्हच्या लाकडाचा खुंटा. काम संपल्यावर तो माझ्याच पाठीवर बसून पाव आणि कांदा खात होता, एवढं आठवतं. त्याचं नाव मला कळलं नाही. त्यानेही माझी फार चौकशी केली नाही.

होडीतून मी एलेफसिना नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाला आलो. बंदरामागच्या एका गल्लीत, कोळ्याच्या घरात. तिथे मी गहू भरडला, सातू दळला, पिवळ्या वाटाण्याची डाळ केली. मग युद्ध आलं, जर्मन आले, आणि माणसं गवत उकडून खाऊ लागली. त्या हिवाळ्यात बायकांनी माझ्या तोंडात काय काय घातलं म्हणून सांगू! ओकाची फळं, वाळक्या शेंगा, मूठभर सातू. सगळी गल्ली माझ्यापाशी रांग लावायची. "या जात्याने आमची पोरं जगवली," असं बायका उघड म्हणायच्या. मला तेव्हा फार अभिमान वाटला. अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू?

पुढे पीठ कागदी पिशवीत मिळायला लागलं आणि माझी गरज संपली. कोळ्याच्या नातवाने घर विकलं. मी फिरत फिरत एका टायरवाल्याच्या दुकानात पोचलो. तिथे माझं काम एकच, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला टेकून पडायचं. ग्रीसने माखलेले हात लोक माझ्यावरच पुसायचे. अशी किती वर्षं गेली कुणास ठाऊक.

त्या दुकानाच्या वर एक भाड्याची खोली होती. तिथे दर महिन्याला दहा-अकरा माणसं जमायची. ही माणसं चर्चमध्ये जात नसत, आपल्या पूर्वजांच्या जुन्या देवांना मानत. आमचं गाव तर धान्याची देवी दिमित्रा हिचं. तिचं देऊळ पडून कित्येक शतकं झाली, आता त्या दगडांमधून तिकीट काढलेले पाहुणे फिरतात. ही दहा-अकरा माणसं वरच्या खोलीत सातू, पाणी आणि रानपुदिना कालवून देवीला वाहायची. देवीला वाइन चालत नाही. गावात लोक हसायचे त्यांना.

त्यांच्यातच होती कालिरोई. इस्पितळाच्या धुलाईघरात तिने तीस वर्षं चादरी पिळल्या, त्यामुळे मनगट असं की बघत राहावं. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी, दनाई. एकदा जिना चढताना कालिरोईची नजर माझ्यावर पडली.

"अरे, हे काय दारात टाकलंयस?" ती टायरवाल्यावर ओरडली.

"दगड आहे, बाई. हवा तर न्या, माझ्या पायात येतो."

"दगड पडलाय तुझ्या डोक्यात! जातं आहे ते!"

तिने मला हातगाडीवर घालून घरी नेलं. घासलं, धुतलं, पाथरवटाकडून छिन्नीने टाकी लावून घेतली. किती वर्षांनी माझ्या दगडाला धार आली! देवीचा सातू ती आता माझ्यावर दळायला लागली. दळताना माझ्याशी बोलायची, बडबड्या बायका बोलतात तशी, अखंड. आणि शेजारची स्तमाता भिंतीवरून डोकावून चिडवायची. स्तमाता दर रविवारी चर्चमध्ये जाणारी, पण मैत्रीण सख्खी. "काय गं, आज तुझ्या कुठल्या देवाचा वाढदिवस?" असं विचारायची, आणि वर एक वाटी ऑलिव्हही द्यायची.

आता जे सांगतो ते ऐका, कारण सगळं त्याच्यामुळे झालं.

दनाईचं लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, त्याच्या घरचे चर्चचे. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात, माझ्यासमोर, दोघी मायलेकी उभ्या होत्या.

"आई, पाच मिनिटं. नुसती आत येऊन उभी राहा. प्रार्थना म्हणू नकोस, मेणबत्ती लावू नकोस."

"खोटं खोटं कशी उभी राहू गं?"

"माझ्यासाठी."

"तू जीव मागितलास तरी देईन."

"जीव कुणी मागितलाय? पाच मिनिटं मागतेय मी!"

कालिरोई गेली, पण चर्चच्या पायऱ्यांवरच उभी राहिली. दनाई तिच्या शेजारून आत गेली आणि शेजारूनच बाहेर आली. महिन्याभरात नवऱ्याबरोबर कॅनडाला निघून गेली. त्यानंतर ना पत्र, ना फोन. कालिरोईने लिहिलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही. मुलगी झाल्याचंसुद्धा तिला गल्लीतल्या लोकांकडून कळलं.

हट्टी बाई होती ती, आणि चुकलीच होती. पण मित्रांनो, ती रोज रडायची. माझ्या तळीवर कपाळ टेकून रडायची. मी दगड खरा, पण मला ते सोसवत नसे.

वरच्या खोलीतल्या मंडळींत लिकुर्गोस नावाचे एक वयस्कर गृहस्थ होते. जन्मभर जहाजांचं वेल्डिंग केलेले, आता पुस्तकं वाचून पूजा सांगायचे. कालिरोईने त्यांना विचारलं, "माझी लेक परत येईल असं काही करता येतं का हो?"

ते म्हणाले, "दिमित्रेची लेक पाताळाच्या राजाने पळवली, तेव्हा देवीने नऊ दिवस शोक केला. तुम्हीही करा. सप्टेंबरात नऊ दिवस सातू दळा. सूर्य मावळेपर्यंत खायचं नाही. आणि नऊ दिवस तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काढलात की केलेलं सगळं पाण्यात."

झालं! दर सप्टेंबरात ती टेलिफोनची वायर भिंतीतून काढून ठेवायची आणि माझ्यापुढे बसायची. ती बडबडी बाई नऊ दिवस गप्प! मला करमत नसे. पहिल्या वर्षी कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी नाही. वरच्या खोलीतली माणसंही कमी होत गेली. कुणी वारलं, कुणी मुलांकडे राहायला गेलं. शेवटी चार उरली आणि खोली सुटली. कालिरोईने मात्र एकही वर्ष चुकवलं नाही. सात सप्टेंबर गेले.

आठव्या वर्षी सहावा दिवस होता. भर दुपार. मला नुकतीच टाकी लावलेली, सातू कसा भरभर दळला जात होता. एवढ्यात भिंतीवरून स्तमाताने आरोळी ठोकली, "कालिरोई! अगं बघ, कोण आलंय बघ!"

फाटकात दनाई उभी होती. तिचा हात धरून पाचएक वर्षांची मुलगी.

"आई," दनाई म्हणाली.

खुंट्यावरचा हात सुटला. कालिरोई धावली. तिने लेकीला मिठी मारली, नातीचे मुके घेतले, पुन्हा लेकीला कवटाळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तोंडातून आवाज नाही.

"चार दिवस तुझा फोन लावतेय," दनाई सांगत होती. "सासरे गेले. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आलोय आम्ही. नवऱ्याला म्हटलं, आजची दुपार मला दे, आईकडे जाऊन येते. ही फिलिओ. फिलिओ, ही तुझी आजी." मग ती थांबली. "आई, काहीतरी बोल ना."

कालिरोईने ओठांवर बोट ठेवलं. कोनाड्यातल्या देवीच्या मूर्तीकडे हात केला, मग माझ्याकडे. दनाईने मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"अजून तेच?"

कालिरोईने मान हलवली. माझ्याभोवती पसरलेल्या पिठात तिने बोटाने लिहिलं, 'तीन दिवस थांब.'

"उद्या सकाळचं विमान आहे, आई."

बोट पिठातच थांबलं.

"मी भांडायला नाही आले," दनाई म्हणाली. "लग्नाचं सगळं मी सोडून दिलं. पायऱ्यांचंही सोडून दिलं. तू फक्त एकदा म्हण, दनाई, आलीस का. बास."

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, ती का बोलली नाही? मला माहीत आहे, कारण वर्षभर ती माझ्याशीच बोलायची. देवीच्या गोष्टीत लेक परत येते, पण तिने पाताळात डाळिंबाचे चार दाणे खाल्लेले असतात. तेवढ्या चुकीने ती कायमची राहू शकत नाही, तिला दर वर्षी परत जावं लागतं. कालिरोई ते सांगताना दर वेळी म्हणायची, "बघ, अगदी शेवटी चुकलं. मी नाही चुकणार." आता लेक अंगणात उभी होती आणि नवसाचे तीन दिवस उरले होते. तिला वाटलं, मी बोलले तर देवी हिला परत नेईल.

म्हणून ती पुन्हा माझ्यापुढे बसली आणि दळायला लागली. इतक्या जोरात दळायला लागली की तीन दिवसांचं एका दुपारी संपवेल!

फिलिओ जवळ आली. तिने इवलासा हात आजीच्या हाताखाली खुंट्यावर ठेवला. तिघांनी मिळून आम्ही दोन-चार घास दळले. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढं हलकं मी कधी फिरलो नाही. मग तिने विचारलं, "आई, आजी मुकी आहे का?"

"नाही," दनाई म्हणाली. "मुकी नाहीये ती."

दनाई बाकावर बसून राहिली. टोपलीतला सातू संपेपर्यंत तिने वाट पाहिली. टोपली संपली. कालिरोईने दुसरी ओढली. मला अडकून पडायचं होतं, मित्रांनो! कसंही करून दोन तळ्यांत खडा धरून थांबायचं होतं. पण नव्याने टाकवलेलं जातं थांबतं कुठे? मी घरघरत राहिलो. त्या घरघरीत दनाई उठलेली मला कळलीही नाही. तिने लेकीच्या हाताचं पीठ झटकलं, म्हणाली, "चल, बस जाईल आपली." फाटकापाशी ती वळली, क्षणभर उभी राहिली. कालिरोई तिच्याकडे बघून हसली. डोळ्यांनी, हातांनी, सगळ्या अंगाने हसली. पण शब्द काढला नाही.

पुढचे तीन दिवस तिने नियमाने पूर्ण केले. नवव्या दिवशी सूर्य मावळला तेव्हा तिने पहिला शब्द उच्चारला. "दनाई." घसा बसला होता, नीट आवाजही फुटला नाही. मग ती भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, "स्तमाता, तिचा नंबर घेतलास का गं?"

स्तमाता तीन दिवस तोंड दाबून बसली होती. ती आता फुटली.

"घेतलाय! बसमध्ये बसेपर्यंत तिच्याबरोबर होते मी. रडत होती पोर. अगं बये, मी तुझ्या देवीला मानत नाही, पण तिची गोष्ट या गावात शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. ती नऊ दिवस गप्प बसली होती का? मशाल घेऊन फिरत होती! दिसेल त्याला विचारत होती, माझी लेक पाहिलीत का, माझी लेक पाहिलीत का! आणि तू लेक दारात आली तरी तोंड शिवून बसलीस?"

 दुसऱ्या दिवशी कालिरोईने लिकुर्गोसना बोलावून घेतलं. "गप्प बसायचं कुठे लिहिलंय?" तिने विचारलं. म्हाताऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "लिहिलेलं नाही. म्हणजे असं स्पष्ट नाही. मला वाटलं, शोक म्हणजे गप्प बसणंच असणार. जुनं काय ते सगळं हरवलंय, कालिरोईबाई. मधल्या जागा आपल्यालाच भराव्या लागतात."

फोन कुणी उचलला नाही. मग कालिरोईने चार पानी पत्र लिहिलं. नवस सांगितला, भीती सांगितली, डाळिंबाचे दाणे सांगितले. तिला वाटत होतं, लेकीला कारण कळलं नाही म्हणून ती रागावली आहे. नाताळाच्या सुमारास उत्तर आलं. कालिरोईने ते न फोडताच स्तमाताच्या हातात दिलं आणि तिने अंगणात मोठ्याने वाचलं.

"आई, तू का बोलली नाहीस ते मला तेव्हाच कळलं होतं. मी तुझीच मुलगी आहे. मला कारण हवं नव्हतं. आता नवस करू नकोस. मी येणार नाही."

एवढंच होतं. खाली फिलिओची सहीसुद्धा नव्हती.

त्यानंतर मी दळलेलं नाही. कोनाडा रिकामा आहे. मूर्ती कपड्यांच्या पेटीत, घडी घातलेल्या पांढऱ्या कापडात ठेवली आहे. माझा खुंटा सुकून चिरला, खीळ गंजली. कालिरोई कधी अंगणात येते, माझ्याकडे पाहत नाही. तिने मला फेकूनही दिलं नाही. गप्प मात्र ती आता अजिबात राहत नाही. पाववाल्याशी, पोस्टमनशी, परक्या पाहुण्यांशी, दिसेल त्याच्याशी बोलत सुटते, आणि लोक घड्याळ बघत निघून जातात.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी सांगणार नाही. दगडाला काय होतंय? तुम्ही कुठल्या देवाला मानता तेही मी विचारणार नाही. पण तुमच्या घरात कुणी असं दळत बसलं असेल, आणि दारात त्याचंच माणूस उभं असेल, तर पुढे व्हा. त्याचा हात खुंट्यावरून ओढून काढा, भांडण झालं तर होऊ द्या. मी त्या दुपारी सगळं पाहत होतो आणि मला ओरडता आलं नाही. तुम्हाला येतं.