अण्णांची भाकरी

बाराला पाच कमी असताना पडद्यावर पिवळी पट्टी आली: जनवाडा टॉवर, केबिनचं दार उघडं. श्रीदेवीनं ‘पाहिलं’चं बटण दाबलं आणि मान फिरवली. ही पट्टी रोजचीच. मोबाइल टॉवरचे राखणदार गुरप्पाअण्णा यंत्रांच्या त्या थंड केबिनच्या उंबऱ्यात बसून जेवत. अर्ध्या तासात दार लागे, पट्टी जाई. बीदरच्या कंट्रोल रूममध्ये या पट्टीचं नावच ‘अण्णांची भाकरी’ पडलं होतं.

“अण्णा जेवायलेत,” शेजारचा पंचाक्षरी म्हणाला. “आज अंबाडीचा पुंडीपल्ल्या असंल बघ.”

ती हसली, पण लक्ष फोनवर. लेकीला, पिंकीला, सकाळपासून ताप होता. सासूबाईंना तिसऱ्यांदा विचारून झालं होतं.

एकच्या सुमारास पट्टी केशरी झाली आणि खाली नाव उमटलं: श्रीदेवी. तासाभरात न मिटलेली सूचना आपोआप एक पायरी चढते, आणि ज्यानं ‘पाहिलं’ म्हटलं त्यालाच जाब विचारते. ट्रेनिंगमध्ये तिला हा नियम जाचक वाटला होता. पाहिलं म्हणजे मिटलं नव्हे, एवढंच सांगायला केवढं ते जाड पुस्तक!

तिनं अण्णांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

“डोळा लागला असंल की. कामून घाबरायलीस?” पंचाक्षरी म्हणाला.

“तासभर दार उघडं टाकून? यंत्रात धूळ जाते म्हणून साहेबावर ओरडणारा माणूस हाय त्यो!”

पुस्तकातली पुढची ओळ सरळ होती: फोन न उचलल्यास जवळच्या माणसाला पाठवा. यादीत जवळचा सिद्धेश्वर होता, जनवाड्याच्याच रस्त्यावर केबल जोडत. दहा मिनिटांत त्याचा आवाज आला.

“अक्का, अण्णा उंबऱ्यातच पडलेत! अंग घामानं भिजलंय, बोलायले न्हाईत. डबा तसाच हाय.”

मधुमेहाची गोळी घेतलेली, भाकरी राहिलेली, त्यानं साखर एकदम उतरली होती. त्यांच्या अंगानंच दार अडून राहिलं होतं. अँब्युलन्स वेळेवर पोचली. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी लेकीच्या कपाळावर पट्ट्या ठेवताना श्रीदेवीला ते पुस्तक आठवत राहिलं. जगभरच्या नेटवर्कांसाठी एकच पायऱ्या आखणाऱ्या त्या माणसांनी जनवाडा कधी पाहिला नसेल. पण कुठंतरी तापलेल्या लेकराची आई बसलेली असेल, ती बटण दाबून विसरेल, हे त्यांनी ओळखलं होतं. आणि तिच्यासाठी एक पायरी ठेवली होती.

चौथ्या दिवशी अण्णा घरी गेले. जनवाड्याची पट्टी कधीच मिटली होती. तरी शिफ्ट सुटताना श्रीदेवीनं नोंदवहीत लिहिलं:

“पुढं जो कुणी हे वाचेल त्याला विनंती. गुरप्पाअण्णा ठाणाकुशनूरला घरी एकटे आहेत. उद्या बारा वाजता त्यांना फोन लावा. ‘बरा हाय’ म्हणतील, तेवढ्यावर ठेवू नका. जेवलात का, ते विचारा.”