सगळ्यांच्या पेट्या काकूंकडे

लाँड्रीवाल्या काकूंचा राग त्यांच्या इस्त्रीसारखाच, एकदा तापला की लवकर निवायचा नाही. सध्या तो एका बड्या कंपनीवर होता. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी घेणाऱ्या तिच्या ॲपवरून एका सकाळी बूटदुरुस्तीवाल्या मामांचं दुकान गायब झालं. का, ते विचारायला माणूसच नाही. यंत्र आपलं ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ एवढंच घोकत राहिलं.

मग सरकारचं नवं धोरण आलं. जी गल्ली ऑर्डरींचं स्वतःचं जाळं उभारेल, तिची सगळी दुकानं कंपनीला ॲपवर दाखवावीच लागणार. अट एवढीच, की दुकानागणिक संगणकाची एक छोटी पेटी हवी आणि प्रत्येकीत सगळ्या गल्लीच्या ऑर्डरी हव्यात. एक बंद पडली तरी बाकीच्यांनी गाडा ओढायचा. काकूंनी कुणाला गोंजारून, कुणाला दटावून पेट्या घ्यायला लावल्या. बेकरीवाला तर शेवटपर्यंत ‘नसती उठाठेव’ म्हणून कुरकुरत होता.

आज तपासणी होती. सरकारी बाई आल्या. बेकरीत पेटी नाही, सलूनमध्ये नाही, मामांकडेही नाही. जो तो लाँड्रीकडे बोट दाखवी. तिथे घडी केलेल्या चादरींशेजारी सगळ्या पेट्या ओळीने दिवे मिचकावत बसल्या होत्या.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“अहो, बेकरीत पीठ उडतं, सलूनमध्ये केस. मामांकडे घडीघडी वीज जाते. माझ्याकडे बॅटरी आहे. म्हटलं, द्या इकडे, मी सांभाळते.”

बाईंना हसू आवरेना. “काकू, ‘द्या इकडे, मी सांभाळते’, कंपनी तरी दुसरं काय म्हणत होती?”

काकूंना ते चांगलंच झोंबलं, कारण खरं होतं. पेट्यांच्या निमित्ताने अख्खी गल्ली दिवसातून दहादा दारात यायची, ‘काकू, माझी चालू आहे ना?’ विचारायची, आणि काकूंना ते फार आवडायचं.

“संध्याकाळी येते,” बाई म्हणाल्या. “तुमची वीज तोडून बघणार. गल्ली थांबली, तर परवानगी विसरा.”

काकूंनी कपडे पोचवायची ढकलगाडी काढली आणि ज्याची पेटी त्याच्या दारात नेऊन दिली.

“भट्टीपासून लांब ठेव. रोज पुसत जा,” त्यांनी बेकरीवाल्याला बजावलं.

“आणि बंद पडली तर?”

“पडू दे. बाकीचे आहेत.” काकूंनी पेटीकडे पुन्हा एकदा बघितलं आणि गाडी पुढे ढकलली.

संध्याकाळी बाईंनी लाँड्रीचा मेन स्विच खाली ओढला, बॅटरीही काढली. यंत्रं घरघरत थांबली. काकूंच्या एकुलत्या पेटीचा दिवा विझला. काकू दारात येऊन समोरच्या दुकानांकडे बघत राहिल्या. आपण सगळ्यांना भरीस घातलं, आता मामांना काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात समोरून बेकरीवाला ओरडला, “काकू! तुमची ऑर्डर माझ्याकडे आलीय! पडदे धुवायचेत, उद्याच हवेत म्हणे!”

“मग हो म्हण की! बघतोस काय?” काकू खेकसल्या, पण आवाज ओला झाला होता. आपल्यावाचून गल्लीचं अडत नाही याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं.

बाईंनी सही केली. दिवे लावायचे सोडून काकू अंधारातच खुर्चीवर टेकल्या, आणि कित्येक दिवसांनी त्यांनी पाय लांब केले.