शेंदूर लागलेली घसरगुंडी

मी एक जुनी शिळा आहे, मित्रांनो. दगड म्हणालात तरी चालेल, पण धोंडा म्हणू नका. तेवढा मान मी मिळवलेला आहे. सूर्यमाळच्या उतारावरील एका पाड्यात, अंगणवाडीच्या मागे मी तिरकी पसरलेली आहे. धरणीच्या पोटातील आगीने मला घडवले, पावसाने माझी धार मोडली आणि उरलेले काम मुलांनी केले. सागाचे पान बुडाखाली घेऊन माझ्या पाठीवरून घसरणाऱ्या तीन पिढ्यांनी मला गुळगुळीत केले.

अंगणवाडीची खोली अंधारी होती. "भिंतीकडं बघून पोर काय शिकंल?" असे म्हणून सेविका जयवंतीबाई रोज सकाळी सगळ्यांना माझ्याकडे हाकत असे. येथे आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागे. पाय कोठे रोवायचा, हे ज्याचे त्यानेच ठरवावे लागे. पाहणीला आलेल्या एका बाईंनी वहीत माझी स्तुती लिहिली होती, हे मी विसरलेले नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात रुपी आली. देवराम आजाची ही तीन वर्षांची नात. पाय काडीसारखे, आईच्या कडेवरून खाली उतरत नसे. दिवाळी झाली की तिचे आईबाप वीटभट्टीवर जाणार होते. तेथे दिवसभर तिला कोण उचलणार?

"जाईस्तोवर ही आपल्या पायानं चालली पाहिजे," जयवंती तिच्या आईला म्हणाली.

तिने रुपीला उचलून माझ्यावर ठेवले नाही, पायथ्याशी बसवले. आठवडाभर रुपी नुसती पाहत राहिली. मग तिने एक गुडघा टेकला. काही दिवसांनी दुसरा. भाद्रपद सरता सरता ती माझ्या निम्म्यापर्यंत चढून उभी राहू लागली आणि उतरायचे नाव घेईना.

"उतर गं भवाने, का तिथंच रांधून घालू?" जयवंती खालून ओरडे. रुपी हसे. पाड्याने तिचे हसू पहिल्यांदा ऐकले ते माझ्या पाठीवरून.

मग वाघबारस आली. गुरे राखणाऱ्यांनी रानाच्या शिवेवर वाघदेवाला शेंदूर लावला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी मुलांनी तोच खेळ मांडला. पाच वर्षांच्या कान्हाने घरून शेंदूर पळवून आणला, माझ्या माथ्याला फासला आणि स्वतः वाघ होऊन सगळ्यांच्या मागे धावला.

त्याच आठवड्यात बिबट्याने देवरामचे वासरू भरदिवसा नेले. वासराचा माग शोधत देवराम माझ्यापाशी आला आणि शेंदूर पाहून जागीच थबकला.

"देव परगटला इथं. आन् आमची पोरां त्याच्या पाठीवर बूड घासतात."

"पोरांनीच लावलाय तो, आजा. खेळ व्हता," जयवंती म्हणाली.

"पोरांच्या हातून देवाबिगर कोण लावून घेतो?"

"तुमची चड्डी इथंच फाटली व्हती ना लहानपणी?"

"तवा देव निजला व्हता," देवराम शांतपणे म्हणाला.

तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. संध्याकाळपर्यंत माझ्याभोवती काटेरी कुंपण उभे राहिले. माझ्यापुढे नारळ फुटला. मी देव आहे का, हे मला कोणी विचारले नाही.

मुले त्या अंधाऱ्या खोलीत बसू लागली. रुपी उंबऱ्यावर बसे आणि जयवंतीने हात धरून उठवले तरी पाय उचलीत नसे.

दिवाळीनंतर ट्रक आला. आईने कडेवरच्या रुपीचे हात कुंपणापाशी जोडून धरले. "वाघदेवा, माझ्या पोरीला पाय दे."

मित्रांनो, ती मागत होती तेच मी देत होते.

पुढच्या ज्येष्ठात माणसे परतली. त्यांत रुपी नव्हती. आजोळी ठेवली, असे कोणी म्हणाले. ती चालते का, हे मला अजून कळलेले नाही.

एवढेच सांगते, आणि ही विनंती समजू नका. जेथे मुले खेळतात त्या जागेला हात जोडून ती बंद करू नका. मला तुमचा नारळ नको. ते काटे काढा आणि पोरांना वर चढू द्या. पडली तर पडू द्या.